तज्ज्ञांच्या आज्ञावलीचे वाचन

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे देवीच्या देवळात इ. स. १२०७ चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील सोईदेवाने त्यास दान दिले, असा मजकूर त्यात आहे. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत असून घाण्यामागे पळीभर तेल मठास द्यावे, अशी तरतूद त्यांत आढळते. डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये तो प्रसिद्ध केला. सहलीस नेलेल्या मुलांस हा लेख एका शाळेचा आहे, हे आवर्जून सांगावे.

श्रेष्ठाची सिद्ध कृती समोर ठेवून शिकणे, ही त्या मठाची पद्धत संगणकाच्या आज्ञावलीसही लागू पडते. ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी १९७६-७७ च्या सुमारास ‘युनिक्स’ची सुमारे ९,००० ओळींची मूळ आज्ञावली छापून तिजवर भाष्य लिहिले. ते उघडपणे प्रसिद्ध होण्यास १९९६ साल उजाडले. तोवर विद्यार्थी प्रतींच्याही प्रती काढून वाचीत होते.

वर्गांत मात्र अनेकदा उलट घडते. मुलगा फळ्यावरील आज्ञावली उतरवून घेतो, ती चालते, गुण मिळतात. पुढे एक ओळ चुकली की तोच मुलगा हतबल होतो; कारण त्याने ती लिहिली असते, वाचलेली नसते.

सहावी-सातवीच्या मुलांसाठी ‘लीलावती’तील कुट्टकाचे एक उदाहरण घ्यावे. त्यात भाज्य २२१, क्षेप ६५ व भाजक १९५ आहे; प्रथम तिन्ही संख्यांना साधारण विभाजकाने भागावयाचे असते. त्यासाठी २२१ व १९५ यांचा मसावि काढण्याची आज्ञावली फळ्यावर येणेप्रमाणे लिहावी :

ब शून्य नसेल तोवर पुढील तीन कृती क्रमाने करा.
अ ला ब ने भागून बाकी काढा.
अ च्या जागी ब ठेवा.
ब च्या जागी ती बाकी ठेवा.
ब शून्य होताच अ हे उत्तर.

संगणक सुरू करण्याची घाई करू नये. वीज नसली तरी हा पाठ अडत नाही. मुलांनी पाटीवर अ, ब व बाकी असे तीन रकाने आखावे. पहिल्या ओळीत २२१, १९५, २६. दुसरीत १९५, २६, १३. तिसरीत २६, १३, ० येईल. उत्तर १३. म्हणून कुट्टकातील संख्या १७, ५ व १५ अशा लहान होतात.

आता खरे अध्ययन सुरू होते. अ १९५ व ब २२१ घेतल्यास काय होईल? पुष्कळ मुले ‘मोठी संख्या आधी ठेवा’ अशी आणखी एक आज्ञा मागतील. तिची गरज नाही. पहिल्याच फेरीत बाकी १९५ उरते व संख्या आपोआप जागा बदलतात. तज्ज्ञाने काय वगळले, हे अशा वाचनातच दिसते. मग पहिली व दुसरी कृती यांचा क्रम उलटा करून पाहावा. अ व ब दोन्ही १९५ होऊन बाकी शून्य येते आणि उत्तर १९५ पडते. ही चूक मुलांनीच शोधावी. शिक्षकांनी थोडे थांबावे.

दुसऱ्या दिवशी फळा पुसून तीच आज्ञावली आठवणीने लिहवून घ्यावी व मूळ प्रतीशी ताडून पाहावी. त्यानंतर एकच ओळ वाढवून लसावि काढण्यास सांगावे. या दोन संख्यांचा तो ३,३१५ येतो.