डिस्कचे मजले : एलव्हीएम आतून

लिनक्स टाकताना 'एलव्हीएम वापरायचं का?' असा प्रश्न येतो आणि आपल्यापैकी बहुतेक जण तो न वाचताच पुढे जातात. एलव्हीएम म्हणजे लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर. लिनक्ससाठी ते हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये लिहिलं, एचपी-यूएक्समधल्या मॅनेजरच्या धर्तीवर.

साधं पार्टिशन आपल्या हॉस्टेलच्या खोलीसारखं. शेजारची खोली रिकामी असली तरी भिंत काही सरकत नाही. एलव्हीएममध्ये सरकते. सगळ्यात खाली डिस्क किंवा पार्टिशन, म्हणजे फिजिकल व्हॉल्यूम. असे दोन-चार एकत्र केले की व्हॉल्यूम ग्रुप, म्हणजे सामाईक साठा. त्यातून हवे तेवढे कापून घ्यायचे ते लॉजिकल व्हॉल्यूम. कापणी सहसा ४ एमबीच्या तुकड्यांत होते. या तुकड्यांना एक्स्टेंट म्हणतात. १ जीबीत असे २५६. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर, याचा तक्ता एलव्हीएम ठेवतं आणि कर्नलमधला डिव्हाइस मॅपर त्याप्रमाणे डेटा पोचवतो.

खरी गोम पुढे आहे. वर बसलेल्या एक्स्ट-४ फाइल सिस्टिमला यातलं काहीच ठाऊक नसतं! तिच्या लेखी खाली एकच सलग डिस्क. म्हणून जागा वाढवताना खालून वर यायचं: आधी लॉजिकल व्हॉल्यूम, मग फाइल सिस्टिम. कमी करताना बरोब्बर उलटं: अनमाउंट करा, तपासा, आधी फाइल सिस्टिम आक्रसा, मगच व्हॉल्यूम. क्रम चुकला तर शेपटाकडचे तुकडे जातात, वरच्या बाईसाहेब मात्र ते आहेतच असं धरून चालतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट नेमका त्या शेपटात असला की संपलंच. 'एलव्हीरिड्यूस'ला 'उणे आर' हा पर्याय दिला तर दोन्ही कामं योग्य क्रमाने होतात. माझ्या मते तो द्यावाच. एक्सएफएस असेल तर मात्र वाढवण्यापुरतंच ठीक, लहान करायच्या भानगडीत पडू नका.

आणखी एक. दोन डिस्क जोडून केलेला मोठा साधा व्हॉल्यूम दिसायला झकास, पण त्यातली एक डिस्क गेली की अख्ख्या व्हॉल्यूमवर संकट. रेड वेगळं लावावं लागतं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप, असंही कोणी समजू नये. तो त्याच ग्रुपमध्ये राहतो, आणि जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली की तो बाद होतो, मूळ व्हॉल्यूम चालू राहतो. तेव्हा कॉपी पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह रूममेटला उसना न देता.