परवलीचा शब्द जुळत नाही तेव्हा

वेतन, भांडार, लेखा ही मोठ्या कार्यालयांतील कामे आता संगणकावरील समाईक प्रणालींतून चालतात. महिनाअखेरीस देयके सादर करण्याच्या वेळीच पडद्यावर ‘पासवर्ड जुळत नाही’ असा संदेश उमटला, की दोष बहुधा समोर बसलेल्या लिपिकाला दिला जातो. तो दरवेळी न्याय्य नसतो. दोन ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसत नाही, एवढाच या संदेशाचा अर्थ होय. त्या नोंदी कोणत्या, हे प्रथम शोधले पाहिजे.

सुरक्षित प्रणालीत मूळ पासवर्ड साठविला जात नाही. त्यावर गणिती प्रक्रिया करून मिळणारी खूण तेवढी ठेवली जाते. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीतील या पद्धतीचे विवेचन १९७९ साली केले. एका अक्षराच्या फरकानेही खूण पार बदलते. त्यामुळे ‘जवळजवळ बरोबर’ असा पासवर्ड नसतो.

तपासणीस आरंभ कळफलकापासून करावा. मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली राहणे, भाषा मराठीवरच राहणे, मजकूर चिकटविताना शेवटी रिकामी जागा येणे, ही नेहमीची कारणे होत.

त्यानंतर अडचण किती जणांना आहे ते पाहावे. एकालाच असेल तर त्याचे खाते तपासावे. सर्वांना एकाच वेळी असेल तर दोष बहुधा आतील दुव्यात असतो. प्रणाली स्वतःच्या खात्याने माहितीसंचात प्रवेश करते व त्या खात्याचा पासवर्ड तिच्या मांडणीच्या फाइलमध्येही नोंदलेला असतो. माहितीसंचात तो बदलला आणि फाइलमध्ये जुनाच राहिला, तर सर्वांचे काम थांबते.

२००७ मध्ये आलेल्या ओरॅकल ११जी माहितीसंचाचे उदाहरण बोधप्रद आहे. पूर्वीच्या आवृत्त्या पासवर्डमधील लहान व मोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करीत नसत. ही आवृत्ती करू लागली. त्यामुळे नव्याने ठेवलेला पासवर्ड जुन्या सवयीने टंकला, तर तो नाकारला जाई. शिवाय तिच्या मूळ मांडणीनुसार लागोपाठ दहा प्रयत्न चुकल्यास खाते बंद होते. मग योग्य पासवर्डही चालत नाही. म्हणून जुना पासवर्ड वापरणारे सर्व कार्यक्रम आधी थांबवावेत, प्रत्येक ठिकाणची नोंद दुरुस्त करावी आणि मगच खाते उघडावे. हा क्रम चुकल्यास खाते पुन्हा बंद पडते.

निकडीच्या वेळी सहकाऱ्याचा पासवर्ड वापरण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. देयक कोणी मंजूर केले हे प्रणाली खात्याच्या नावावरूनच नोंदविते. दुसऱ्याच्या नावाने झालेली मंजुरी पुढे लेखापरीक्षणात निघाली, तर जबाब त्या निरपराध सहकाऱ्यालाच द्यावा लागेल. तासाभराचा विलंब त्यापेक्षा परवडणारा आहे.