तेलशीतकाचा पंखा

पोर्शे ९११ च्या मालिकेतील १९८९ ते १९९४ या काळातल्या, ९६४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मोटारीच्या एंजिनाला पाण्याची शीतनव्यवस्था नाही. उष्णता वाहून नेण्याचे काम हवा आणि तेल करतात. तेलशीतक पुढच्या उजव्या चाकाजवळ असतो. गाडी वेगात असता वारा त्यास पुरतो. परंतु कोलकात्यात वैशाखातल्या दुपारी पार्क स्ट्रीटवर वाहनांची रांग थबकली, की सारा भार विजेच्या पंख्यावर पडतो.

या पंख्याला दोन गती असतात. मंद गतीचा प्रवाह एका रोधकातून जातो, तीव्र गतीचा थेट. रोधक जळाला की मंद गती नाहीशी होते आणि तेल फार तापल्यावरच पंखा एकदम जोराने फिरू लागतो. तो फिरताना दिसतो म्हणून मालक निर्धास्त राहतो, हेच यातील खरे संकट.

प्रथम फ्यूज व रिले पाहावेत. मग फ्यूज बसवलेल्या तारेने पंख्याच्या मोटरीला थेट बॅटरीचा प्रवाह द्यावा. ती सुरळीत फिरली, तर तिला दोष देऊ नये. त्यानंतर बॅटरी सोडवून, रोधक मोकळा करून त्याच्या टोकांस ओहममापक लावावा. काटा हललाच नाही, तर आतील तार तुटली आहे. नवा रोधक तितक्याच ओहमचा व तितकीच उष्णता सोसणारा हवा. मल्लिकबाजारात जुने सुटे भाग मिळतात. मात्र आकार जुळला म्हणून रोध जुळतोच असे नाही. मोजूनच घ्यावा.