बूर्झ येथील झाक केर याचा वाडा

फ्रान्सच्या मध्यभागी वसलेल्या बूर्झ नगरात पंधराव्या शतकातील एक भव्य दगडी वाडा उभा आहे. तो बांधविणारा झाक केर हा जन्माने सरदार नव्हता. केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्याचा तो मुलगा. भूमध्य समुद्रातील व्यापारात त्याने अमाप द्रव्य मिळविले. राजा सातवा चार्ल्स याने त्याला राजपरिवारास वस्त्रे व मौल्यवान वस्तू पुरविणाऱ्या खात्याचा प्रमुख नेमले. १४४३ मध्ये वाड्याचे काम सुरू झाले. पश्चिमेची बाजू रोमन काळातील तटबंदीवर उभारण्यात आली व तिचे जुने बुरूजही वाड्यात सामावून घेतले गेले.

वाड्यातील प्रार्थनामंदिर पहिल्या मजल्यावर, नेमके महाद्वाराच्या माथ्यावर आहे. खालून घोडे व गाड्या जात. वर वेदीपुढे उपासना चाले. यास केवळ देवघर म्हणता येणार नाही, कारण येथे धर्मगुरूच्या हस्ते विधिवत उपासना होत असे. निळ्या, तारकांकित छतावर शुभ्र वस्त्रांतील देवदूत रंगविलेले असून त्यांच्या हातांत लेखांकित पट्ट आहेत. दोन्ही बाजूंस यजमान व यजमानीण यांच्यासाठी स्वतंत्र कोनाडेवजा कक्ष आहेत. चौकातून वर जाणाऱ्या जिन्याच्या दारावर वेदीच्या सिद्धतेचे शिल्प आहे; स्वयंपाकघराकडील दारावर मात्र स्वयंपाकी दिसतात. अक्षरशत्रू नोकरालाही वाट चुकण्याचे कारण नव्हते!

तथापि हे स्थान खाजगी असले तरी गुप्त नव्हते. त्याची नक्षीदार मोठी खिडकी रस्त्यावरूनच दृष्टीस पडते. भिंतींवर ठिकठिकाणी हृदय व शिंपला कोरलेले आहेत : ‘केर’ म्हणजे हृदय, तर शिंपला हे त्याच्या नावाच्या संताचे चिन्ह. नवश्रीमंत व्यापाऱ्याची भक्ती आणि प्रतिष्ठा येथे एकाच दगडात कोरली गेली, असे म्हणावयास हरकत नाही.

या वास्तूचा उपभोग मात्र त्याला लाभला नाही. काम पूर्णत्वास येत असतानाच, जुलै १४५१ मध्ये, राजाज्ञेने त्यास अटक झाली. दरबारातील अनेक सरदार त्याचे ऋणको होते, हे येथे विसरता येत नाही. १४५३ मध्ये त्यास दोषी ठरवून मालमत्ता जप्त करण्यात आली. पुढील वर्षी तो तुरुंगातून निसटला व १४५६ मध्ये किऑस बेटावर मरण पावला. वाडा नंतर वारसांस परत मिळाला. १६८२ पासून तेथे नगरपालिका होती, पुढे न्यायालये आली. १९२३ मध्ये सरकारने तो विकत घेऊन त्याचा जीर्णोद्धार केला.

प्रार्थनामंदिराच्या खिडकीखाली, महाद्वारावर, सातव्या चार्ल्सचा अश्वारूढ पुतळा असे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तो नष्ट झाला. त्याचा कोनाडा आजही रिकामाच आहे.