उचल घेऊन फी भरू नकोस

बाय, परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवर होते, म्हणून दोन शब्द बोलून ठेवला. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. धाकलीला पाचवीला नाशकात सिस्टरांच्या शाळेत टाकायचं आणि तिथंच बोर्डिंगला ठेवायचं, असं तुम्ही दोघांनी ठरवलंय. ऐकून फार बरं वाटलं. मग तू हळूच म्हणालीस, "पैशांचं झालंय ताई, मुकादम या साली जास्तीची उचल देतोय." तेवढ्यानं माझी झोप गेली.

उचल म्हणजे काय, हे मोखाड्यात वाढलेल्या बाईला मी काय सांगणार? नागली-वरई खळ्यावरून घरात आली की दिवाळीमागं अर्धा पाडा जगायला बाहेर पडतो. कोण भिवंडीकडे, कोण वसईकडे, कोण वाड्याच्या भट्टीवर. उचल आधीच खर्च झालेली असते, आठवड्याला खर्ची हातात पडते आणि हिशेब होतो तो पावसाच्या तोंडावर. उचल जास्त घेतली की विटा जास्त पाडाव्या लागतात, आणि विटा जास्त पाडायच्या तर हात जास्त लागतात. ते हात कुणाचे असतील, हे तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारलंत का? थोरली सातवीत आहे. भाकरी थापायला, तान्ह्याला सांभाळायला, विटा उलटायला तिला नेणार ना? धाकलीच्या कॉन्व्हेंटची फी थोरलीच्या शाळेतून जाणार, बाय.

आपल्या दादाचं तुला आठवत नसेल, तू रांगत होतीस. मी बोर्डिंगला गेले त्याच साली त्यानं सातवीतून शाळा सोडली. त्याला शिकायचंच नव्हतं, असं घरात सगळे म्हणत आणि मीही तेच धरून चालले. नर्सिंगला लागल्यावर पहिल्या पगाराची साडी घेऊन घरी आले, तेव्हा आई बोलून गेली, "तुझ्या बोर्डिंगसाठी त्याच्या नावानं उचल घेतली होती." दादा ओट्यावर बसून नागलीची भाकरी खात होता. त्याच्या बोटांच्या पेरांना चिरा होत्या आणि त्या चिरांत माती बसलेली होती. भट्टीवरून येऊन त्याला दोन महिने झाले होते तरी ती निघाली नव्हती. तेव्हापासून कुणी मला हुशार म्हटलं की मला ती बोटं दिसतात. तुझ्या धाकलीला उद्या थोरलीकडे बघून असं वाटायला नको.

म्हणून आधी हिशेब मांडू. २०२५-२६ साली रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. तेव्हाची शंभर दिवसांची हमी पूर्ण मिळाली असं धरलं तरी सगळ्या घराचे वर्षाचे ३१,२०० रुपये झाले, आणि शंभर दिवस किती जणांना मिळाले ते तू बघितलंसच. शाळेत गेलीस की 'फी किती?' एवढंच विचारून परत येऊ नकोस. प्रवेशाच्या वेळी एकदाच भरायचे किती, दरवर्षी भरायचे किती, बोर्डिंगचे वेगळे किती, टर्म फी, वह्या-पुस्तकं, बूट, गणवेश, सहलीचे किती, हे सगळं कागदावर लिहून माग. आणि पुढच्या वर्षी किती वाढणार, तेही विचार. खासगी शाळांच्या फीवर नियंत्रण ठेवणारा कायदा महाराष्ट्रात २०११ चा आहे, त्यात पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढं फी मांडावी लागते. देणगीच्या नावानं कुणी पैसे मागितले तर १९८७ पासून कायद्यानं त्याला बंदी आहे. पावती मिळत नसेल तर रुपया देऊ नकोस.

अजून एक विचार. सिस्टर-फादरांच्या शाळा सगळ्या एकसारख्या नसतात. काही ठिकाणी एकाच आवारात मराठी माध्यमाचे वर्ग अनुदानित असतात आणि इंग्रजीचे विनाअनुदानित. अनुदानित म्हणजे मास्तरांचे पगार सरकार देतं, आणि महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. मग खर्च राहतो तो जेवणाचा आणि राहण्याचा. तू लगेच म्हणशील, मराठीच शिकायचं तर नाशकात कशाला? वसईच्या ख्रिस्ती लोकांकडे बघ, त्यांच्या किती पिढ्या चर्चच्या आवारातल्या शाळांत मराठीत शिकल्या. त्यांच्यातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि आपल्या पोरीला पुस्तकातली मराठीसुद्धा नवीनच आहे, घरात ती वारलीच बोलते. पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत समोर आलं की मूल गप्प होतं. मी वर्षभर गप्प होते. बाईंना वाटायचं, या पोरीला काही येत नाही.

आता कुणाला आधी घेतात ते सांगते, कारण त्यावरून तुझं मन दुखायला नको. पहिली जागा बहुतेक ठिकाणी कॅथलिक मुलांना असते. मग ज्यांचा भाऊ-बहीण तिथं शिकतोय ते, मग बाकीचे. फॉर्मवर बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा रकाना दिसेल, फादरांच्या चिठ्ठीचं विचारतील. तो आपला अपमान नाही. अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या कलमानं दिलाय. पण सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला केवळ धर्मामुळे किंवा जातीमुळे कुणाला प्रवेश नाकारता येत नाही, तेही घटनेतच आहे, एकोणतिसाव्या कलमात. म्हणजे आपल्याला दार बंद नाही, रांगेत जरा मागं उभं राहावं लागतं एवढंच.

पोरांच्या बापाला जी भीती वाटते तिचंही सांगते. पोर बाटेल, असं त्याला कुणीतरी सांगितलंय. शाळा सरकारमान्य असेल तर पालकाच्या संमतीवाचून मुलाला धर्मशिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही, अठ्ठाविसावं कलम तेच सांगतं. मी बोर्डिंगला असताना मुली संध्याकाळी चॅपेलमध्ये जात आणि आम्ही चौघी-पाच जणी तेवढा वेळ अभ्यास करत बसायचो. सुट्टीत घरी आले की बोहाड्याला सोंगं बघायला सगळ्यांच्या पुढं मीच असायचे. आणि हेही ध्यानात ठेव, प्रवेशासाठी धर्म बदला, असं सांगणारा माणूस शाळेचा नसतो, दलाल असतो.

दलालांवरून आठवलं. तुमच्याकडे एक जण 'आरटीईतून कॉन्व्हेंटला लावून देतो' म्हणत फिरतोय ना? त्याला दारात उभा करू नकोस. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागा शाळेच्या पहिल्या वर्गाला असतात, पाचवीला नाही. शिवाय २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून बाहेर ठेवलं. २०२५ मध्ये त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांनी त्या निकालाचा पुन्हा विचार व्हावा असं म्हटलंय, पण आज तरी निकाल तोच आहे. त्या माणसाला दिलेले पैसे बुडणार.

कायद्यानं मिळत नाही म्हणून मागायचंच नाही, असं मात्र करू नकोस, बाय. मला तुला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय. १९६५ साली ऑक्टोबरच्या २८ तारखेला व्हॅटिकन परिषदेनं शिक्षणावर जाहीरनामा काढला. कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कुणाची घ्यायची ते त्यात लिहिलंय: जे गरीब आहेत त्यांची, ज्यांना घरच्यांचा आधार आणि माया नाही त्यांची, आणि जे ख्रिस्ती नाहीत त्यांची. आपण तिघांतल्या दोघांत बसतो. शिकागोत जेझुइटांनी १९९६ साली क्रिस्तो रे नावाचं हायस्कूल काढलं, मेक्सिकोतून आलेल्या गरिबांच्या मुलांसाठी. तिथली मुलं पाळीपाळीनं ऑफिसात काम करतात आणि त्या मजुरीतून फीचा मोठा भाग फिटतो. आपल्या मुलांना मजुरीला लावायची माझी इच्छा नाही, तुला ठाऊक आहे. पण गरिबाला परवडेल अशी शाळा चालवायची, असं चालवणाऱ्यांनी आधी ठरवलं की वाट निघते. आणि पाड्यावरच्या मुलांपाशी शाळा नेणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीहून कोसबाडला गेल्या, त्या गुरं राखणाऱ्या पोरांना माळावर गाठून शिकवायच्या.

तेव्हा प्रिन्सिपल सिस्टरांना भेटायला तुम्ही दोघं जा. मान खाली घालून कोपऱ्यात उभं राहू नका, खुर्चीवर बसा. सांग, आम्ही भट्टीवर जातो, वर्षाला इतके मिळतात, पोरगी हुशार आहे, फी कमी करून पाहिजे. रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा ताजा दाखला, जव्हारच्या प्रांत ऑफिसचा जातीचा दाखला, तिची प्रगतिपुस्तकं, सगळं पिशवीत हवं. सवलत देतो म्हणाले तर ती एका वर्षाची की दहावीपर्यंतची, हे विचार आणि लिहून घे. माझ्या वेळी आपल्या घरच्यांनी हे विचारलं नव्हतं. आठवीत सवलत थांबली, फी थकली, आणि मला चाचणीच्या दिवशी व्हरांड्यात उभं केलं. आत मैत्रिणी लिहीत होत्या आणि मी खिडकीच्या गजांतून फळ्यावरचे प्रश्न वाचत होते. उत्तरं येत होती, म्हणून जास्त रडू आलं.

फॉर्मच्या तारखा हा आपल्या लोकांचा मोठा घात आहे. शहरातल्या शाळांचे फॉर्म बहुतेक दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत निघतात आणि तेव्हाच पाडे ओस पडलेले असतात. नाशकातली आई शाळेच्या फाटकापाशी पाटी वाचून येते, आपली बाई तेव्हा भिवंडीत माती मळत असते. म्हणून जगायला निघण्याआधी सगळ्या कागदांच्या प्रती माझ्याकडे पाठव. मी जाऊन फॉर्म आणीन.

पण घाई नको, असं मला का वाटतं तेही ऐक. धाकलीला पाचवीला नाशकात टाकलंस तर तिची एक मोठी संधी जाईल. नवोदय या सरकारी निवासी शाळेची सहावीची परीक्षा ज्या जिल्ह्यात मूल पाचवी शिकतं त्याच जिल्ह्यातून देता येते. आपल्या पालघर जिल्ह्याचं नवोदय माहीमला आहे. तिथं पाऊणशे टक्के जागा खेड्यातल्या मुलांच्या, आदिवासींसाठी वेगळ्या राखीव, राहणं-जेवण-पुस्तकं फुकट, आणि वरच्या वर्गांत जे महिन्याचे पैसे घेतात तेही मुलींना आणि आदिवासींना माफ. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत झालेली लागते. तिची दोन वर्षं तशी झालीच आहेत, पाचवीही गावातल्या झेडपीत होऊ दे. एकलव्य निवासी शाळाही सहावीपासूनच आहे, तीही फुकट आणि तिलाही परीक्षा. दोन्ही परीक्षांना बसव. गणितं मी फोनवर घेईन, रविवारी मला सुट्टी असते. लागली तर सोनं झालं. नाही लागली तर सिस्टरांकडे सहावीला नाहीतर आठवीला नेऊ, तोवर सवलतीचं बोलून ठेवू.

तान्हा सहा वर्षांचा होईल तेव्हा त्याच्यासाठी जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात नामांकित शाळांच्या योजनेची चौकशी करायची आहे. त्यात आदिवासी मुलांना शहरातल्या इंग्रजी निवासी शाळेत पहिलीला घेतात आणि फी सरकार थेट शाळेला भरतं. जन्मदाखला नसेल तर आत्ताच काढ. इतक्या लहान लेकराला घरापासून लांब ठेवावं का, यावर मात्र माझं मन अजून ठरत नाही. पहिल्या रात्री मी पत्र्याच्या पेटीवर डोकं ठेवून झोपले होते, कारण पेटीला घरच्या चुलीच्या धुराचा वास होता. आणि तेव्हा मी दहा वर्षांची होते.

मुकादमाला सांग, नेहमीची उचल पुरे. पोरांचा बाप चिडेल, त्याला माझ्याशी बोलायला लाव. थोरलीला आश्रमशाळेतून काढू नका. तुम्ही निघालात तरी ती तिथं जेवेल, शिकेल. सुट्टीला मी तिला माझ्याकडे आणीन. पुढं धाकलीच्या बोर्डिंगचं जे कमी पडेल त्यातला अर्धा वाटा माझा आणि अर्धा दादाचा. त्याला मी विचारलं नव्हतं, तो आपणहून म्हणाला.

आणि गणवेश शिवायला टाकशील तेव्हा शिंप्याला सांग, फ्रॉकच्या खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेव. आमच्या सिस्टर मापं घेताना तसंच करून घ्यायच्या. दरवर्षी एकेक दुमड उसवायची आणि जुन्या दुमडीची गडद रेघ तेवढी कापडावर राहायची. माझा पहिला फ्रॉक तीन वर्षं पुरला.