सायंकाळी मिटणारी पापणी

प्रश्न : वडिलांची डावी पापणी सकाळी ठीक असते, सायंकाळी मिटू लागते, एकाचे दोन दिसतात. हा अर्धांगवायू का?

उत्तर : अर्धांगवायू असा प्रहरांबरोबर चढत-उतरत नाही, श्रमाने वाढणारे व विश्रांतीने ओसरणारे हे दौर्बल्य, मज्जातंतूचा हुकूम स्नायूच्या हाती पडतो त्या संधिस्थानावर शरीराचीच प्रतिपिंडे चाल करून जातात, त्या ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’चे असण्याचा दाट संभव आहे. पापणीवर दोन मिनिटे बर्फ धरल्यावर ती उचलली गेली, तर संशय बळावतो. निर्णय मात्र रक्ततपासणी व विद्युत्-चाचणीनेच व्हावा, आणि छातीच्या सीटी स्कॅनमध्ये थायमस ग्रंथीही पाहावी. डॉ. मेरी वॉकर यांनी १९३४ साली या रोगावर ज्या फायसोस्टिग्मिन या औषधाचा गुण दाखविला, त्याच्याच कुळातील पायरिडोस्टिग्मिन आजही प्रथम देतात. गिळताना ठसका लागल्यास वा श्वास अपुरा पडल्यास, तपासणीच्या तारखेची वाट न पाहता, तडक रुग्णालय गाठावे.