शंका-समाधान : रोजची उमेद आणायची कुठून?

वर्षाचा पहिला महिना संपत आला की या सदराकडे एका विषयावरची पत्रं वाढू लागतात. ठरवलेलं टिकत नाही, सकाळी उठल्यावर काही करावंसं वाटत नाही, स्वतःला सुधारायचं आहे पण बळ येत नाही. त्यांतली पाच पत्रं या वेळी घेतली आहेत. लिहिणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शंका : मी 26 वर्षांचा आहे. तीन वर्षं पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतोय. अभ्यासिकेत जाण्याआधी रोज सकाळी यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती आणि भाषणं ऐकतो. ऐकताना अंगावर काटा येतो, आज बारा तास बसायचंच असं वाटतं. अकरा वाजेपर्यंत सगळं ओसरतं आणि हातात पुन्हा मोबाइल येतो. प्रेरणा दिवसभर टिकावी म्हणून काय ऐकावं?
– एक परीक्षार्थी, पुणे

समाधान : काय ऐकावं यापेक्षा केव्हा ऐकावं, हे तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे. ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी आयुष्यभर केला. 1977 साली त्यांनी या विश्वासाचे चार उगम सांगितले : स्वतः काही करून दाखवल्याचा अनुभव, आपल्यासारख्या माणसाला ते करताना पाहणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळची मनाची-शरीराची अवस्था. चारांपैकी सर्वांत भक्कम आहे तो पहिला. भाषणातून मिळतो तो धीर. तो खोटा नसतो, पण अर्थशास्त्राचा एखादा किचकट प्रश्न समोर आला की तो टिकत नाही, कारण त्याच्या पाठीशी तुमचं स्वतःचं काही केलेलं नसतं.

दुसरी गोष्ट. हीदर काप्स आणि गॅब्रिएल ओटिंगेन यांनी 2011 साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. हव्या असलेल्या भविष्याचं गोड चित्र रंगवायला सांगितलेल्या लोकांची ऊर्जा वाढण्याऐवजी उतरलेली दिसली. मनाने यश आधीच चाखलं की शरीर सैलावतं. सकाळी निकालाच्या दिवसाची, पेढ्यांची, सत्काराची दृश्यं पाहून तुमचं हेच होत असावं.

म्हणून क्रम बदला. रात्री झोपण्यापूर्वी उद्याचं पहिलं काम एका ओळीत लिहा : ‘राज्यघटनेच्या पुस्तकातली ही दहा पानं, आणि त्यावरचे जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न.’ पुस्तक त्या पानावर खूण घालूनच पिशवीत ठेवा. सकाळी मोबाइल न उघडता ती दहा पानं संपवा. मुलाखत ऐकायचीच तर दुपारी जेवताना ऐका, आणि ज्या उमेदवाराने जुन्या प्रश्नपत्रिकांचा अभ्यास कसा केला, चुका कशा सुधारल्या हे सांगितलंय त्याची ऐका. ज्याची परिस्थिती तुमच्यासारखी आहे आणि जो रीत दाखवतो, त्याचं पाहून खरंच बळ येतं. अकरा वाजता उत्साह ओसरलाच, तर दहा पानं झालेली असतील. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसवायला त्यांचा भरवसा पुरेसा असतो.

शंका : मी नोकरी करते, दोन मुलं आहेत. गेल्या वर्षी पाडव्याला पहाटे चालायला जायचं ठरवलं, आठवड्यात बंद पडलं. दसऱ्याला पुन्हा सुरू केलं, पाहुणे आले आणि थांबलं. आता 1 जानेवारीचंही तेच झालं. एकवीस दिवस केलं की सवय लागते म्हणतात, माझे कधी दहाही होत नाहीत. मी मुळातच आळशी आहे का?
– एक वाचक, सांगली

समाधान : आळशी बाई वर्षात तीनदा नव्याने सुरुवात करत नाही. तुमची अडचण स्वभावात नाही, योजनेत आहे.

आधी त्या एकवीस दिवसांबद्दल. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी 1960 सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी साधारण एकवीस दिवस लागतात. पुढे ‘कमीत कमी’ गळून पडलं आणि आकडा मात्र सगळ्या सवयींना चिकटला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांचा बारा आठवडे पाठपुरावा केला. 2010 साली छापलेल्या त्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा सरासरी काळ 66 दिवस निघाला. तोही माणसागणिक आणि सवयीगणिक 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. जेवताना पाणी पिण्यासारख्या साध्या सवयी लवकर जडल्या, व्यायामाला जास्त काळ लागला. तुमच्यासाठी मोलाचं आहे ते पुढचं : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे पाहुणे आले त्या दिवशी तुमचं काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते ‘मोडलं एकदाचं’ म्हणून पुढचा मुहूर्त शोधण्यात.

मुहूर्ताचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. नव्या वर्षी, नव्या महिन्यात, अगदी सोमवारीसुद्धा लोक व्यायामशाळेत जास्त जातात, हे 2014 साली संशोधकांनी नोंदींवरून दाखवलं आहे. मग पाडव्यापर्यंत कशाला थांबायचं? तुम्हाला वर्षात बावन्न सोमवार मिळतात.

आता योजना. पीटर गॉल्विट्झर यांनी एक साधी रीत मांडली, आणि ती पुढे कितीतरी प्रयोगांत उपयोगी ठरली : निश्चय ‘जर-तर’च्या वाक्यात बांधायचा. ‘रोज चालणार’ असं म्हणू नका. म्हणा, ‘मुलांची शाळेची रिक्षा गेली की चपला न काढता तशीच कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊन येईन.’ अडचणीचंही वाक्य आधीच तयार ठेवा : ‘पाहुणे असतील तर रात्री जेवणानंतर गच्चीवर दहा मिनिटं.’ पहाट सोडून द्या. दोन डबे करणाऱ्या बाईच्या पहाटेवर आधीच बराच भार असतो. आणि घरात एकदा स्पष्ट सांगा की त्या वेळात चहा दुसरं कुणी करेल.

राहिला शब्द ‘आळशी’. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस सांगत असत की माणसाच्या वागण्याला बरंवाईट म्हणावं, अख्ख्या माणसावर शिक्का मारू नये. त्याचा सुधारणेशी थेट संबंध आहे. 2012 साली ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरीना चेन यांनी अवघड चाचणीत कमी पडलेल्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्यांना स्वतःकडे समजूतदारपणे पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास इतरांपेक्षा जास्त वेळ केला. स्वतःला माफ केल्याने माणूस सैल पडतो ही आपल्याकडची पक्की समजूत आहे. प्रयोगात घडलं ते याच्या उलट.

शंका : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने वाचावं म्हणून एका पुस्तकामागे वीस रुपये देऊ लागलो. दोन महिने भराभर वाचलं. आता पैसे मिळणार नसतील तर पुस्तकाला हात लावत नाही, आणि निवडतो तेही सर्वांत पातळ पुस्तक. त्याची गोडी परत कशी आणू?
– एक पालक, नाशिक

समाधान : तुमचा हेतू चांगला होता, आणि जे झालं ते संशोधकांच्या ओळखीचं आहे. अमेरिकेतल्या एका बालवाडीत 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढण्याची मनापासून आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीस मिळेल. काहींना न सांगता नंतर बक्षीस दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी मोकळ्या वेळात पाहिलं तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांपाशी बसत होती. न सांगता दिलेल्या बक्षिसाने मात्र गोडी कमी झाली नाही. ‘मी हे कशासाठी करतो?’ या प्रश्नाचं उत्तर कबूल केलेल्या बक्षिसाने बदलून टाकलं.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते आतून येणाऱ्या उमेदीला तीन गोष्टी लागतात : निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि कुणाशी तरी जोडलेलं असणं. या तिन्हींसाठी आता हे करा. पैसे बंद करताना त्याला चिडवू नका, कारण सौदा तुम्हीच ठरवला होता. शांतपणे सांगा की आता पुस्तकं हिशोबासाठी वाचायची नाहीत. मग त्याला वाचनालयात न्या आणि निवड त्याची. फास्टर फेणे घेवो, ‘किशोर’चा अंक घेवो, क्रिकेटची माहिती घेवो किंवा चित्रकथा. अर्धवट सोडायचीही मुभा द्या. पातळ पुस्तक आवडत असेल तर पातळच चालेल, पूर्ण झाल्याचा आनंद त्यातही असतो. आणि रात्री पंधरा मिनिटं तुम्ही त्याच्या शेजारी बसून तुमचं पुस्तक वाचा. बापाला रमून वाचताना पाहणं ही त्या वयातली मोठी प्रेरणा आहे. काही आठवडे तो पुस्तक उघडणार नाही. तेवढा धीर मात्र तुम्हाला धरावा लागेल.

शंका : बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. घरात पणजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, ते वाचायचे म्हणून वर्ग केला. अक्षरओळख झाली, पण खरा कागद समोर धरला की एक ओळ लागत नाही. दिवसच्या दिवस वही उघडत नाही. या वयात हे शिकून काय उपयोग, असं वाटतं.
– एक निवृत्त वाचक, सातारा

समाधान : पत्रातली पेटी वाचून आनंद झाला. आपली प्रेरणा काय, हे शोधण्यात लोकांची वर्षं जातात, आणि तुमची तर घरात आहे. अडलंय ते पायरीच्या उंचीवर.

आधी वयाबद्दल. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड 1930 साली निघाला तेव्हा ते पन्नाशीत होते. शेवटचा 1962 साली आला, तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. पुढच्याच वर्षी त्यांना भारतरत्न मिळालं. मुंबईत वकिली करणारा हा माणूस ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची प्रस्तावना लिहायला बसला होता, आणि त्या प्रस्तावनेतून पाच खंडांचा इतिहास उभा राहिला. सुरुवात करताना शेवट इतका मोठा होईल असं ठरवून कुणी बसत नाही.

आता पायरी. वर्गातलं अक्षर सुटं आणि नेटकं असतं. जुन्या कागदात कारकुनाचा बोरू अडखळत नाही, शब्द तोडत नाही, संक्षेप वापरतो आणि प्रत्येकाचं वळण निराळं. तेव्हा एक ओळही न लागणं म्हणजे तुम्ही कच्चे आहात असं नव्हे. अख्खा कागद वाचायचा हट्ट सोडा. पत्रांचे मायने ठरलेले असतात : ‘राजश्री’, ‘गोसावी यांसी’, ‘विनंती विशेष’. ते आधी डोळ्यांत बसवा. मग गावाचं नाव शोधा, मग तुमच्या घराण्याचं आडनाव. ती अक्षरं ओळखीची झाली की त्याच हाताची बाकीची अक्षरं त्यांवरून लावता येतात. दुपारचा चहा झाला की एक ओळ, एवढंच ठरवा. लागली तर बाळबोधीत उतरवून तारीख घाला, नाही लागली तर अडलेली अक्षरं जशीच्या तशी रेखाटून ठेवा. वर्गातल्या एखाद्या सोबत्याबरोबर आठवड्यातून एकदा अडलेल्या ओळी घेऊन बसा. ज्या दिवशी वही उघडावीशी वाटणार नाही, त्या दिवशी मागची पानं चाळा. आपल्याला काय येऊ लागलंय हे त्या पानांवरून कळेल. उपयोगाचं उत्तरही तिथेच आहे : तुमच्या घरात ते कागद वाचू शकणारे आज तुम्ही एकटेच होऊ शकता.

शंका : मी 34 वर्षांची शिक्षिका आहे. दोन महिन्यांपासून कशातच रस वाटत नाही. आधी गाणं आवडायचं, आता ऐकावंसंही वाटत नाही. पहाटे तीनला जाग येते, भूक मेली आहे, वर्गात शब्द आठवत नाहीत. रोज सुविचार वाचते, आभाराची वही लिहिते. उलट अधिकच नालायक वाटतं. माझी इच्छाशक्ती वाढवण्याचा उपाय सांगा.
– एक वाचक, मराठवाडा

समाधान : ताई, वरच्या चारही पत्रांना दिलेला सल्ला तुमच्यासाठी नाही. तुमच्या पत्रात इच्छाशक्तीची कमतरता दिसत नाही. इतकं होत असूनही तुम्ही रोज वर्गावर उभ्या राहता आहात.

आवडीच्या गोष्टींतला रस जाणं, झोप-भूक बिघडणं, लक्ष न लागणं, स्वतःला नालायक समजणं, हे सगळं दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज जाणवत असेल तर ते नैराश्य या आजाराचं लक्षण असू शकतं. थायरॉइडच्या तक्रारीने किंवा अंगात रक्त कमी असल्यानेही यांतलं बरंच होतं. ते तपासणीनेच कळेल. म्हणून या आठवड्यातच डॉक्टरांकडे जा. ओळखीच्या फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात केली तरी चालेल. नंतर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, जिल्हा रुग्णालयातही ही सोय मिळते. सरकारच्या ‘टेली-मानस’ या 14416 क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य आणि मराठीत बोलता येतं. जगणं नको असा विचार एकदाही मनात आला असेल, तर आजच फोन करा आणि घरातल्या एका माणसाला सांगून टाका, एकट्या राहू नका.

नैराश्यावर औषधं आहेत, बोलण्याचे उपचार आहेत, आणि बहुतेकांना त्यांचा गुण येतो. उपचारातही पुढे लहान लहान कामं ठरवून करायला सांगतात, कारण मन बरं होईपर्यंत वाट पाहण्यापेक्षा हळूहळू हालचाल सुरू केली की मन मागून येतं. पण ती कामं तज्ज्ञांबरोबर, तुम्हाला झेपतील तेवढीच ठरवायची असतात. सुविचार आणि वही तोवर खुशाल बाजूला ठेवा, त्यात काही चुकलं असं समजू नका. डॉक्टरांकडे जाताना हेच पत्र बरोबर न्या. तुम्ही ते इतकं नेमकं लिहिलं आहे की त्यांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.